बाळ गंगाधर खेर : वकिली, विधिमंडळ आणि आदिवासी सेवा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• १९३७ ते १९५२ या काळातील मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केलेल्या सामाजिक कायद्यांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• मोखाडा व जव्हार परिसरातील आदिवासींच्या प्रश्नाशी खेरांचा आलेला संबंध, त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• एखाद्या लोकनेत्याच्या चरित्राकडे गौरव व निंदा ही दोन्ही टोके टाळून कसे पाहावे, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, रत्नागिरीच्या मातीत जन्मलेल्या दोन व्यक्तींचे नाव बाळ गंगाधर असे होते. पहिले लोकमान्य टिळक. दुसरे, त्यांच्याहून बत्तीस वर्षांनी लहान असलेले बाळ गंगाधर खेर. पहिल्या नावाभोवती तेजोवलय आहे. दुसरे नाव आज मुंबईतील खेरवाडी या वस्तीच्या नावापुरते आणि जुन्या मुख्यमंत्र्यांच्या यादीपुरते उरले आहे. असे असले, तरी स्वातंत्र्याच्या आधीची दोन वर्षे आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची सहा वर्षे मुंबई प्रांताचा कारभार ज्यांच्या हाती होता, ते खेरच होत. कूळकायदा, कर्जनिवारण, दारूबंदी, खोतीचे निर्मूलन, मंदिरप्रवेश, प्राथमिक शिक्षणाची सक्ती यांपैकी बहुतेक विषयांवरील महाराष्ट्रातील आरंभीचे कायदे त्यांच्या मंत्रिमंडळांनी केले.

खेरांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे. सत्तेवरून उतरल्यावर लगेच, १९४० मध्ये, त्यांनी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली, कोकणा, काथोडी, ठाकूर, महादेव कोळी या जमातींच्या सेवेकडे लक्ष वळविले. पुढे हाच पुरुष पुन्हा प्रांतप्रमुख झाला, तेव्हा त्याच जिल्ह्यातील वारल्यांचा लढा त्याच्या सरकारसमोर उभा राहिला. सेवा आणि हक्क, कायदा आणि चळवळ यांच्यातील हा ताण समजून घेतल्याशिवाय खेरांचे चरित्र पुरे होत नाही. म्हणून या घटकात त्यांच्या जीवनक्रमाबरोबर या ताणाचाही विचार केला आहे.

बालपण, शिक्षण आणि वकिलीची घडण

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यमवर्गीय कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणाचा बराच काळ जमखंडी संस्थानातील कुंदगोळ या गावी गेला. कुंदगोळ आज कर्नाटकात, धारवाड जिल्ह्यात आहे. मराठी घर आणि भोवती कानडी मुलूख, अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलाला भाषाभाषांमधील सीमारेषा आणि देवघेव लहानपणीच परिचयाच्या झाल्या असणार. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले आणि नंतर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून १९०८ मध्ये बी. ए. झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता आणि त्यात त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले होते. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

त्यांच्या घडणीतील एका टप्प्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर फ्रँक बीमन यांची दृष्टी मंदावत गेली होती. त्यांचे सचिव म्हणून खेरांनी काम केले. ज्या न्यायाधीशाला स्वतः वाचणे कठीण आहे, त्याच्यासाठी कागद वाचणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. मजकूर जसा आहे तसा, आपल्या मताची भेसळ न करता पोचवावा लागतो आणि शेकडो पानांतून नेमका मुद्दा वेचावा लागतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकातून न मिळणारे हे शिक्षण खेरांना येथे मिळाले.

१९१८ मध्ये ते सॉलिसिटर झाले आणि मणिलाल यांच्यासह त्यांनी सॉलिसिटरांची पेढी सुरू केली. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांतील फरक येथे समजून घेतला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी दुहेरी पद्धत होती. पक्षकार प्रथम सॉलिसिटरकडे जाई. त्याची हकिकत ऐकणे, दस्तऐवज तपासणे, दावा किंवा कैफियत तयार करणे, पुरावा जुळविणे ही कामे सॉलिसिटर करी. न्यायाधीशापुढे उभे राहून युक्तिवाद करण्याचे काम बॅरिस्टराचे किंवा ॲडव्होकेटाचे असे. वृत्तपत्रांत नाव बॅरिस्टराचे येई आणि सॉलिसिटर पडद्यामागे राही. ऐकून घेणे, मसुदा करणे आणि तडजोडीची वाट शोधणे हा त्या व्यवसायाचा स्वभाव होता. खेरांच्या राजकारणातही हाच स्वभाव उतरला. ते फर्डे वक्ते म्हणून गाजले नाहीत. निरनिराळ्या वृत्तींच्या माणसांना एका मेजाभोवती बसवून काम पुढे नेणारा नेता, अशी त्यांची ओळख झाली.

कायदेभंगापासून मंत्रिपदापर्यंत

१९२३ मध्ये चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्या पुढाकाराने स्वराज्य पक्ष उभा राहिला. कायदेमंडळात शिरून सरकारला अडविणे हे त्या पक्षाचे धोरण होते. त्याच्या मुंबई शाखेचे चिटणीस म्हणून खेर राजकारणात आले. पुढे गांधीजींच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत ते ओढले गेले. १९३० मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये त्यांना कारावास भोगावा लागला. ज्याचा चरितार्थ कायद्यावर चालतो त्याने कायदा मोडून तुरुंगात जाणे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु या पिढीतील अनेक वकिलांनी कायदा आणि न्याय यांत भेद केला होता. अन्यायकारक कायदा उघडपणे मोडावा आणि त्याची शिक्षा तक्रार न करता सोसावी, ही गांधीजींची भूमिका होती आणि खेरांनी ती स्वीकारली होती.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी मुंबई शहरातील लोकप्रिय नेते खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे नाव अनेकांच्या तोंडी होते. प्रत्यक्षात निवड खेरांची झाली. सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन खर्च केले, असा आरोप नरिमन यांनी केला. गांधीजी आणि कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांनी त्याची चौकशी केली आणि आरोप सिद्ध होत नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही या वादाची छाया खेरांच्या पहिल्या कारकिर्दीवर राहिली. स्वतः नेतेपदासाठी धडपड न केलेल्या माणसाच्या गळ्यात ही माळ पडली होती. तिच्याबरोबर पक्षातील एका मोठ्या गटाची नाराजीही त्याच्या वाट्याला आली.

गव्हर्नर आपल्या विशेषाधिकारांचा वापर करून मंत्रिमंडळाच्या कामात अडथळा आणणार नाही, अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारली नाहीत. मधल्या काळात धनजीशा कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ होते. १९ जुलै १९३७ रोजी खेर मुंबई प्रांताचे प्रमुख मंत्री झाले. त्या काळी या पदाला पंतप्रधान असे म्हणत. त्यांच्या मंत्रिमंडळात अण्णासाहेब लठ्ठे, कन्हैयालाल मुनशी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नुरी आणि एल. एम. पाटील हे सहकारी होते. शिक्षणखाते खेरांनी स्वतःकडे ठेवले. काँग्रेसच्या ठरावानुसार मंत्र्यांचे मासिक वेतन ५०० रुपये होते. वकिलीत जम बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा त्याग होता.

पहिले मंत्रिमंडळ : कायद्यांची सव्वादोन वर्षे

हे मंत्रिमंडळ सव्वादोन वर्षे टिकले. एवढ्या अवधीत झालेली कामे पाहिली, म्हणजे तयारीने आलेल्या लोकांचे हे सरकार होते हे पटते. मंदिरप्रवेशाच्या आड येणारे कायदेशीर अडथळे दूर करणारा कायदा १९३८ मध्ये झाला. १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आणि कूळकायदा झाला. दुकाने व आस्थापनांतील नोकरांच्या कामाचे तास ठरविणारा कायदाही त्याच वर्षीचा. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली.

शिक्षणमंत्री म्हणून खेरांचे काम प्रांताच्या सीमेपलीकडे गेले. गांधीजींनी १९३७ मध्ये मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या वर्धा योजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९३८ मध्ये खेरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही योजना प्रथम ग्रामीण भागात राबवावी, तिचे माध्यम मातृभाषा असावे आणि सहा ते चौदा हा सक्तीच्या शिक्षणाचा वयोगट असावा, असा त्या समितीचा कल होता. १९३९ मध्ये मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. दिवसभर राबून रात्री अक्षर गिरविणारा गिरणी कामगार हा तिचा विद्यार्थी होता. नोकरी आणि संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात आपले पूर्वज सापडतील.

या मंत्रिमंडळाला विरोधही कडवा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून समोरच्या बाकावर होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोत हा कोकणातील सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा मध्यस्थ. त्याच्या जुलमाखाली कुणबी व महार कुळे पिढ्यान्‌पिढ्या भरडली गेली होती. खेर स्वतः याच प्रदेशात जन्मलेले होते. तरीही त्यांच्या सरकारने ते विधेयक तडीस नेले नाही. पुढे १९४९ मध्ये खेरांच्याच दुसऱ्या मंत्रिमंडळाने खोती निर्मूलनाचा कायदा केला. मधली बारा वर्षे कुळांनी मोजली. औद्योगिक कलहांविषयीच्या १९३८ च्या कायद्याने संपावर बंधने आणली, तेव्हा आंबेडकर व कम्युनिस्ट नेते एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. कामगारांच्या हिताचा दावा करणाऱ्या सरकारविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले होते. सामोपचारावर विश्वास असलेल्या सॉलिसिटराला संप हा अपघात वाटे. कामगाराच्या दृष्टीने मात्र तेच त्याचे एकमेव दस्तऐवज होते.

मोखाड्याचे डोंगर आणि सिमिंग्टन यांचा अहवाल

१९३५ च्या कायद्याने आदिवासी प्रदेशांची वेगळी वर्गवारी केली होती. त्यातील अंशतः वर्जित क्षेत्रांच्या १९३६ च्या यादीत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. अशा क्षेत्रांत मंत्रिमंडळाचा कारभार चाले. मात्र विधिमंडळाने केलेला कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नरने वेगळी अधिसूचना काढावी लागे. म्हणजे मुंबईत मंजूर झालेला कूळकायदा मोखाड्याच्या डोंगरावर चढण्यासाठी आणखी एका सहीची वाट पाहात असे.

मोखाड्याला लागून जव्हार होते. तेथे मुकणे घराण्याचे संस्थान होते. मुंबईच्या मंत्रिमंडळाची सत्ता जव्हारच्या सीमेवर संपत असे. जंगल एकच, वारली व कोकणा माणसे तीच, सोयरसंबंध सीमेच्या दोन्ही अंगांना. परंतु एका बाजूस प्रांताचा कायदा आणि दुसऱ्या बाजूस संस्थानचा. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. ते खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीत घडले.

१९३७ मध्ये खेर सरकारने सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्याकडे अंशतः वर्जित क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी सोपविली. त्यांच्या अहवालाने जे चित्र पुढे आणले, ते समजण्यासाठी तेथील तीन शब्दांचा अर्थ पाहावा लागेल. पहिला शब्द खावटी. पावसाळ्यात घरातील दाणे संपत, तेव्हा सावकाराकडून खाण्यापुरते भात आणावे लागे आणि पीक येताच ते दीडपट, दुप्पट करून फेडावे लागे. फेडल्यावर घरात उरे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नसे, म्हणून पुन्हा खावटी. दुसरा शब्द वेठ. जमीनदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या हुकमावरून मोबदल्याशिवाय करावयाचे काम म्हणजे वेठ. तिसरा शब्द लग्नगडी. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी तरुण सावकाराचा गडी होई आणि कर्ज फिटेपर्यंत राबे. ते बहुधा फिटतच नसे. पुष्कळदा पत्नीलाही त्याच घरी राबावे लागे. लग्न हा मंगल शब्द आणि गडी हा चाकरीचा शब्द यांच्या संयोगातून गुलामगिरीचे नाव तयार व्हावे, यावरून त्या व्यवस्थेची घट्ट पकड ध्यानात येते.

सिमिंग्टन यांनी कर्जमुक्ती, कुळांना संरक्षण, वाजवी मजुरी, शिक्षण आणि जंगलकामातील मजुरांच्या सहकारी संस्था असे उपाय सुचविले. परंतु १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. भारतीय प्रतिनिधींना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खेर नोव्हेंबर १९३९ मध्ये पायउतार झाले. अहवाल हाती होता, सत्ता नव्हती.

आदिवासी सेवा मंडळ

सत्ता गेल्यावर खेर पेढीत परतून वकिलीत रमले असते, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद परिसरात भिल्ल सेवा मंडळ सुरू केले होते. तोच आदर्श येथे होता. बोर्डी येथील आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे शिक्षक या कार्यात आले. आश्रमशाळा आणि वसतिगृहे हा कामाचा मुख्य मार्ग होता. डोंगरपाड्यांवरील मुलाला रोज शाळेत येणे अशक्य होते, म्हणून शाळेतच राहण्याची व जेवणाची सोय करावयाची, हे आश्रमशाळेचे मूळ सूत्र. पुढे महाराष्ट्राच्या आदिवासी शिक्षणव्यवस्थेचा तोच कणा झाला.

या कामाचे मोल मोठे आहे. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. मुलगा आश्रमशाळेत अक्षरे शिके, तेव्हा बाप खावटीच्या कर्जात आणि वेठीत असे. शाळा मुलाला पुढे नेई, पण बापाच्या मानेवरचे जू काढण्याचे बळ तिच्यात नव्हते. व्यक्तिगत सत्याग्रहात आणि १९४२ च्या आंदोलनात खेर पुन्हा तुरुंगात गेले. ते आत असताना बाहेर एक वेगळी शक्ती डोंगरात पोचली.

दुसरे मंत्रिमंडळ आणि वारल्यांचा लढा

१९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली शामराव व गोदावरी परुळेकर यांनी उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांना संघटित केले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. मे १९४५ मधील झरी येथील परिषदेत वेठ आणि लग्नगडी ही पद्धत यापुढे मानणार नाही, असे वारल्यांनी ठरविले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. तेव्हा प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. या लढ्याची हकिकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली.

मार्च १९४६ च्या अखेरीस खेर पुन्हा प्रांतप्रमुख झाले. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर वारल्यांनी गवतकापणीच्या व जंगलकामाच्या मजुरीसाठी संप केला. जंगलकामासाठी दिवसाला सव्वा रुपया ही त्यांची मागणी होती. लढा वाढला, तेव्हा सरकारने परुळेकर दांपत्याला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. जानेवारी १९४७ मध्ये पुन्हा गोळीबार झाला.

येथे खेरांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. ज्याने आदिवासींसाठी सेवा मंडळ काढले, सिमिंग्टन यांचा अहवाल ज्याच्या सरकारने मागविला, त्याच्याच सरकारने आदिवासींच्या संघटकांना हद्दपार का करावे? कम्युनिस्टांविषयीचा अविश्वास आणि फाळणीच्या सावटाखाली असलेली सुव्यवस्थेची चिंता ही कारणे खरी आहेत. पण मुळाशी दृष्टीचा भेद होता. खेरांच्या विचारात आदिवासी हा अन्याय सोसणारा, म्हणून मदतीस पात्र असलेला देशबांधव होता. त्याची बाजू सुजाण माणसांनी मांडावी, विधिमंडळाने कायदा करावा आणि अधिकाऱ्याने तो राबवावा, अशी ही वाट होती. परुळेकरांच्या विचारात आदिवासी हा स्वतःच स्वतःचा वकील होता. वारल्यांनी वेठ नाकारली ती कोणत्याही कलमाचा आधार न घेता.

असे असले तरी कायद्याची वाट निरुपयोगी होती, असे म्हणता येणार नाही. १९३९ चा कूळकायदा १९४६ मध्ये साऱ्या प्रांतात लागू झाला आणि १९४८ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदाही याच काळातला. १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. पूर्वी जंगलाचे कूप ठेकेदार लिलावात घेई आणि आदिवासीला मिळेल त्या मजुरीवर राबवी. आता कूप मजुरांच्या संस्थेला मिळू लागले आणि नफ्यात त्यांचा वाटा आला. संपाने निर्माण केलेला दाब आणि कायद्याने उघडलेले दार ही दोन्ही आदिवासींच्या उपयोगी पडली. त्यांतील एक वजा केल्यास दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

कायदा अंमलात येताना एक अडचण वारंवार दिसली. १९३९ च्या कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानले. पण ती सहा वर्षे सिद्ध कशी करावयाची? दप्तर तलाठ्याकडे, लेखणी जमीनदाराच्या माणसाकडे आणि कसणाऱ्याकडे फक्त अंगठा. कागदावर विश्वास ठेवणाऱ्या व्यवस्थेत ज्याचे नाव कागदावर नाही, तो कायद्याच्या नजरेस पडत नाही.

दारूबंदीचा अनुभवही असाच संमिश्र आहे. १९४९ च्या कायद्याने ती प्रांतभर नेली. सावकाराचे दुकान आणि दारूचा गुत्ता यांचे साटेलोटे खेरांनी पाहिले होते आणि त्यांचा हेतू प्रामाणिक होता. परंतु मोहाची फुले व ताडी यांचे आदिवासी जीवनातील स्थान वेगळे असल्यामुळे पोलिसाला पाड्यावर शिरण्याचे एक नवे निमित्त मिळाले.

शिक्षण, भाषा आणि अखेरची वर्षे

प्राथमिक शिक्षणाचा १९४७ चा कायदा आणि १९४९ मध्ये कार्यान्वित झालेले पुणे विद्यापीठ या खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीतील ठळक घटना. १९४८ मध्ये शिक्षणाच्या खर्चाचा विचार करणाऱ्या केंद्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. केंद्राने आपल्या महसुलाचा दहावा आणि प्रांतांनी पाचवा हिस्सा शिक्षणावर खर्चावा, अशी तिची शिफारस होती. संविधान सभेचेही ते सदस्य होते.

एप्रिल १९५२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद मोरारजी देसाई यांच्याकडे सोपविले आणि ते भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९५५ मध्ये संविधानाच्या ३४४ व्या अनुच्छेदानुसार नेमलेल्या पहिल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. आयोगाने १९५६ मध्ये अहवाल दिला. इंग्रजीच्या जागी हिंदी व प्रादेशिक भाषा क्रमाने याव्यात, या दिशेने तो होता. डॉ. सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन या सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. हिंदी न बोलणाऱ्या प्रदेशांवर यामुळे अन्याय होईल, अशी त्यांची भीती होती. चटर्जींसारख्या थोर भाषाशास्त्रज्ञाचा विरोध अध्यक्षांना सोपा गेला नसणार. तरी तो अहवालासोबतच प्रसिद्ध झाला.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालयाची भाषा इंग्रजी की हिंदी, हा वाद दिल्लीत चालला होता. मोखाड्यातील वारली माणसाला कचेरीतील प्रमाण मराठीही परकी होती. घरी तो वारली बोली बोले, अर्ज मराठीत लिहिला जाई आणि कायद्याचा मूळ मसुदा इंग्रजीत असे. त्याच्या तक्रारीला न्यायापर्यंत पोचण्यासाठी दोन भाषांतरे ओलांडावी लागत. लोकांच्या भाषेत राज्यकारभार व्हावा, हे खेरांचे तत्त्व शेवटपर्यंत नेले, तर ते या बोलीपर्यंत जावयास हवे. ते काम त्यांच्या आयोगाच्या कक्षेबाहेर राहिले आणि अद्याप अपुरे आहे.

८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे खेरांचे निधन झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, सुधारित कूळकायद्याप्रमाणे कृषकदिन आला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानण्यात आले. १९३९ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने घातलेल्या पायावरची ही पुढची पायरी होती.

मूल्यमापन

खेरांचे मोठेपण पदाच्या बाबतीतील निर्लेपपणात आहे. पद मागितले नाही, मिळाल्यावर तयारीने वापरले आणि सोडताना खळखळ केली नाही. कायद्याला त्यांनी दुर्बलांच्या बाजूस वळविण्याचा प्रयत्न केला. त्यांची उणीव अशी, की ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा त्यांनी स्वतः उठून बोलणे त्यांच्या मनात पुरेसे बसत नव्हते. आंबेडकरांनी खोतीबाबत, कामगारांनी संपाबाबत आणि वारल्यांनी मजुरीबाबत त्यांना तीन वेळा हेच सांगितले.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. आश्रमशाळा होत्या, योजना होत्या, कायदे होते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि कचेरी काहीशी जवळ आली. तरी पावसाळ्यानंतर जव्हार-मोखाड्याहून मजुरीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे आजही पाहावयास मिळतात. मुंबईत केलेला कायदा डोंगरापर्यंत पोचतो का, हे पाहण्याची जबाबदारी कायदा करणाऱ्याइतकीच तो वाचू शकणाऱ्या प्रत्येकाची आहे.

सारांश

बाळ गंगाधर खेर (१८८८-१९५७) हे सॉलिसिटर, मुंबई प्रांताचे प्रमुख मंत्री, शिक्षणविचारक आणि आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापक होते. १९३७-३९ आणि १९४६-५२ या दोन कारकिर्दींत त्यांच्या मंत्रिमंडळांनी जमीन, कर्ज, अस्पृश्यता, शिक्षण व दारूबंदी या विषयांवर पायाभूत कायदे केले. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींविषयी त्यांना खरा कळवळा होता. मात्र त्यांच्या सरकारने वारल्यांच्या लढ्याचे संघटक हद्दपार केले. सेवेची दृष्टी आणि हक्काची चळवळ यांतील अंतर हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती ताण होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. सॉलिसिटरच्या व्यवसायाने खेरांच्या राजकीय स्वभावाला कोणते वळण दिले, ते स्पष्ट करा.
२. ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ म्हणजे काय? मोखाडा आणि जव्हार यांच्या प्रशासकीय स्थितीत १९४८ पूर्वी कोणता फरक होता?
३. खावटी, वेठ आणि लग्नगडी या शब्दांतून कोणती अर्थव्यवस्था व्यक्त होते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. खेरांचे सरकार आणि वारल्यांचा लढा यांच्यातील संघर्षाची कारणमीमांसा करा.
५. आपल्या गावातील किंवा परिसरातील वडीलधाऱ्यांकडून कूळकायद्याविषयीच्या आठवणी जाणून घ्या आणि कायद्याचा मजकूर व प्रत्यक्ष अनुभव यांची तुलना करणारे टिपण तयार करा.